झूम एच-वन एसेन्शियल: सिद्दी वस्त्यांवरचं बोलणं टिपायला पुरतो का?

पुरतो. पण खोकं फोडून तसाच पिशवीत टाकला आणि बेळगावची गाडी धरली, तर नाही पुरत.

झूमचा हा मुठीत मावणारा रेकॉर्डर 2024 साली आला. लग्नाचं शूटिंग, यूट्यूब, भजनी मंडळ यांसाठी तो कसा आहे हे इथे सांगायचं नाही. एकच काम डोळ्यांसमोर ठेवून तो तपासला आहे. कोल्हापुरातून निघून, बेळगाव, खानापूर, अळणावर मागे टाकून उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी वस्त्यांवर जायचं, म्हाताऱ्या माणसांच्या सोप्यात बसून त्यांचं तास-दोन तासांचं बोलणं टिपायचं, आणि तेही बहुतेक वेळा एकट्यानं. सोबत साउंडवाला नाही, वीज असेलच असं नाही, आणि तीच आठवण तशीच दुसऱ्यांदा सांगा म्हणायची सोय नाही.

मराठी माणसाला सिद्दी म्हटलं की जंजिरा आठवतो, फार तर मलिक अंबर. अंबर 1626 साली वारला, तरी त्याची जमीनधाऱ्याची पद्धत आणि खडकीची (पुढचं औरंगाबाद) नहर शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली. सत्तेजवळ जे होते त्यांचं कागदावर राहिलं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गोव्यात आणलेले जे गुलाम घाट चढून जंगलात पळाले, त्यांच्या वंशजांचं, म्हणजे या वस्त्यांवरच्या सिद्दींचं, कागदावर फारसं काही नाही. जे आहे ते बाहेरच्यांनी लिहिलेलं. बाकी सगळं तोंडात आहे: कोकणीत, कन्नडमिश्रित मराठीत, मुसलमान घरांत दख्खनी उर्दूत. त्यामुळे या कामात रेकॉर्डर हीच दप्तराची वही, आणि तिचं एक पान भिजलं तर दुसरी प्रत कुठे नाही.

आता यंत्राकडे.

याचा मोठा गुण म्हणजे तो 32-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, आणि फक्त त्याच्यातच. आवाजाची पातळी लावायची चकती त्याच्यावर नाहीच. आधीच्या एच-वन-एन मॉडेलवर ती होती. तिथे पातळी जास्त ठेवली तर आजी हसली की आवाज फाटायचा, कमी ठेवली तर पुटपुटलेलं वाक्य सूंऽऽ अशा खरखरीत बुडायचं. म्हणून 24-बिटच्या रेकॉर्डरवर सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवायचा आणि मधून मधून काट्याकडे बघत राहायचं, ही जुनी शिस्त. 32-बिट फ्लोटमध्ये मंद आणि मोठा आवाज दोन्ही एकाच फाइलमध्ये शाबूत राहतात. घरी आल्यावर संगणकावर वर-खाली करता येतात. मुलाखत घेणाऱ्याची नजर पडद्यावरून उठून समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जाते. एकट्यानं काम करणाऱ्याला याची किंमत कळेल.

पण इथेच लोक फसतात. 'फाटत नाही' याचा अर्थ 'चांगलं येतं' असा घेतात. रेकॉर्डर मध्ये पाटावर ठेवायचा, म्हातारं माणूस दीड मीटरवर खांबाला टेकून बसलेलं, आणि वर पंखा. घरी येऊन आवाज वाढवला की म्हाताऱ्यासोबत पंखाही तितकाच वाढतो, शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज 6 डेसिबलनं उतरतो. 20 सेंटिमीटरवरून 40, मग 80, मग 160: तीनदा दुप्पट, म्हणजे 18 डेसिबल गेले. पंख्याचा आवाज मात्र खोलीभर तेवढाच. हे गेलेले 18 डेसिबल कुठलंही फ्लोट परत देत नाही, कारण बिघाड यंत्रात नसून बसण्यात आहे. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर गाडी कितीही भारी असली तरी पेट्रोल आपणच भरायचं.

म्हणून बसायची पद्धत. समोरासमोर बसू नका, काटकोनात बसा. छोटा तिपाया किंवा उलटा ठेवलेला डबा, त्यावर चार पदरी घडी घातलेला टॉवेल, त्यावर रेकॉर्डर. तोंड सांगणाऱ्याकडे, अंतर 25 ते 40 सेंटिमीटर, उंची छातीइतकी. खाली तिपायाचा नेहमीचा पाव इंची आटा आहे, कुठलाही स्वस्त तिपाया बसतो. टॉवेल विसरू नका. बाजेवर किंवा लाकडी फळीवर नुसता ठेवला तर पाय हलला, पान कुटायचा खलबत्ता ठेवला, मूल उडी मारून गेलं की प्रत्येक वेळी फाइलमध्ये धप्प असा आवाज. हातात धरून तर रेकॉर्ड करूच नका. अंग प्लॅस्टिकचं आहे, बोटांची सरसर थेट आत जाते. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज थोडा लांबचा आला तर येऊ दे. त्याचं ऐकायला कुणी येणार नाही.

खोली. पत्र्याचं घर आणि शेणानं सारवलेली जमीन असेल तर आवाज बरा येतो. पत्रा आणि फरशी असेल तर डब्यात बसून बोलल्यासारखा घुमतो. यावर उपाय घरातच असतो: वाकळ. सांगणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर एक आणि माइकच्या मागे दुसरी टाकली की घुमणं लक्षात येण्याइतकं कमी होतं. सिद्दी घरांत तर कवंदी असतेच. जुन्या साड्या-लुगड्यांचे तुकडे कडेपासून आत आत शिवत नेऊन केलेली गोधडी, चार कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाचे 'फुला'. फुला नसले तर कवंदी नागडी, असं शिवणाऱ्या बायका म्हणतात. ती दोरीवर टाकायला मागितली की निम्म्या वेळा मुलाखत तिथूनच सुरू होते, कारण कुठला तुकडा कुणाच्या लुगड्याचा हे सांगितल्याशिवाय ती हातातून सुटत नाही. तेव्हा वाकळ मागायच्या आधी रेकॉर्डर चालू करा. परवानगी त्याच्याही आधी.

पंखा बंद करता येत असेल तर करा. उन्हाळ्यात सत्तरीच्या माणसाला घाम फोडून मुलाखत घेऊ नका, त्यापेक्षा सकाळी सातला जा. लो-कट (खालच्या पट्टीचा आवाज कापणारी सेटिंग) चालू ठेवला तर घरघर थोडी उतरते. फ्रिज बंद केलात तर पिशवी फ्रिजच्या दारावर अडकवा, म्हणजे निघताना चालू करायचं राहणार नाही. भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळ काढून आतल्या खोलीत. मोबाइल विमान मोडवर, दोघांचेही. ऊसतोड चालू असताना टेप लावलेला ट्रॅक्टर वाटेवरून निघून जाईपर्यंत थांबावं लागतं, हे करवीर-कागलकडच्यांना सांगायला नको. पावसाळ्यात पत्र्याखाली मुलाखतच नको. गगनबावडा असो की यल्लापूर, जूनच्या सरीपुढे कुठलाही माइक हात टेकतो. त्या चार महिन्यांत घरी बसून आधीच्या मुलाखती उतरवून काढाव्यात.

वारं हा या यंत्राचा कच्चा दुवा. एकमेकांना तिरके बसवलेले दोन उघडे (एक्स-वाय) माइक पुढे काढलेले आहेत, अंगणात साधी झुळूक आली तरी धबधब ऐकू येते. फोमची टोपी फुंकरीला पुरते, वाऱ्याला नाही. परड्यात बसायचं असेल तर केसाळ टोपी लागते आणि ती वेगळी घ्यावी लागते. ती नसेल तर भिंतीच्या आडोशाला बसा.

आणि दमाम. सिद्दींचं हे मोठं दोन तोंडी वाद्य रेकॉर्ड करायचा मोह प्रत्येकाला होतो. (जाणारा प्रत्येक कॅमेरावाला आधी 'नाचून दाखवा' म्हणतो. वस्तीवरची माणसं कंटाळलेली आहेत. पहिल्या भेटीत दमामचं नाव काढू नका.) फ्लोटमुळे फाइल फाटणार नाही हे खरं, पण माइकची स्वतःची मर्यादा 120 डेसिबल आहे. त्याच्या पुढे आवाज माइकच्या पडद्यावरच फाटतो, आणि तो फ्लोटला सांधता येत नाही. ज्यांनी हलगीजवळ रेकॉर्डर धरला आहे त्यांना हे ठाऊक असेल. तीन मीटर मागे जा, वाजवणाऱ्याच्या थेट रेषेतून थोडे बाजूला.

वीज दोन एएए सेलवर. कंपनीचा दावा साधारण दहा तासांचा. मुलाखतीला जाताना निम्मे धरून चाला आणि चार सेल जास्तीचे ठेवा. चार्जिंगचे निकेल सेल वापरणार असाल तर सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदला. हे सेल 1.2 व्होल्टचे, साधे 1.5 चे. प्रकार चुकीचा राहिला तर भरलेले सेल अर्धे दिसतात किंवा उलट, भरलेलं दाखवता दाखवता यंत्र बंद पडतं. टाइप-सी केबलनं पॉवर बँकही चालते, पण हा रेकॉर्डर वीज इतकी कमी ओढतो की काही पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून आपोआप बंद होतात. म्हणून बँक लावली तरी सेल आत ठेवायचेच.

कार्ड खोक्यात येत नाही. मायक्रोएसडी, 1 टीबीपर्यंत चालतं, पण 32 जीबी भरपूर झालं. 48 किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण 1.4 जीबी लागतात, म्हणजे 32 मध्ये 23 तास. 96 किलोहर्ट्झ ठेवून काही मिळत नाही, फक्त कार्ड दुप्पट वेगानं भरतं. माणसाच्या बोलण्याला 48 पुरे. मोठ्या कार्डापेक्षा छोटी दोन बरी: हल्याळचं एक, यल्लापूरचं एक, एक हरवलं तर सगळा दौरा जात नाही. कार्ड फॉरमॅट करायचं ते रेकॉर्डरमध्येच, संगणकावर नाही.

घड्याळ. हे कुणी लावत नाही आणि पुढे सगळ्यात जास्त हेच छळतं. फाइलचं नाव तारीख-वेळेवरून पडतं. सेल बरेच दिवस काढून ठेवले तर घड्याळ मागे जातं, आणि मग चार आज्या आणि दोन आजोबांच्या सहा फाइली एकाच खोट्या तारखेच्या. प्रत्येक मुलाखतीच्या सुरुवातीला तोंडी बोला: आज अमुक तारीख, अमुक गाव, अमुक यांच्या घरी, मी अमुक. सांगणाऱ्याचं नाव त्यांच्याच तोंडून, घरातलं नावही. ही वीस सेकंदं फाइलच्या पोटात राहतात, नाव बदललं तरी पुसली जात नाहीत.

तारखेचा हा आग्रह नुसता नेटकेपणासाठी नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी 2003 साली अनुसूचित जमातींच्या यादीत आले. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली जमातीच्या कुटुंबाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, आणि त्या कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचं निवेदनही आहे. अट अशी की निवेदन देणारा स्वतः दावेदार नको आणि ते लेखी हवं. म्हणजे 'त्या फणसाच्या पलीकडे आमच्या आज्यानं नाचणी पेरली' हे वाक्य नुसतं आठवण नाही, उद्या ग्रामसभेच्या टेबलावर येऊ शकतं. नुसती ऑडिओ फाइल तिथे पुरणार नाही. ते वाक्य कागदावर उतरवून, वाचून दाखवून, सही-अंगठा घ्यावा लागेल. आणि ज्याचा स्वतःचा दावा चालू आहे त्याचं जमिनीबद्दलचं बोलणं बिनधास्त इंटरनेटवर टाकायचं नाही. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असेल तर अजिबात नाही.

बाहेरचा माइक लावावा का? एकाच माणसाचं बोलणं असेल आणि आवाज बारीक असेल तर कॉलर-माइकसारखं दुसरं काही नाही, वर सांगितलेलं अंतराचं गणित तो एका फटक्यात सोडवतो. रेकॉर्डरला 3.5 मिलिमीटरचं छिद्र आहे आणि माइकला लागणारी थोडी वीज (प्लग-इन पॉवर) तो देतो. ती सेटिंगमध्ये चालू करावी लागते. भानगड पिनेची. मोबाइलसाठी विकले जाणारे कॉलर-माइक चार भागांच्या पिनेचे (मध्ये तीन रेघा) असतात, रेकॉर्डरला तीन भागांची (दोन रेघा) लागते. चुकीची पिन बसते, पण आवाज येत नाही किंवा एका कानात खरखर येते. दुकानात मागताना 'कॅमेऱ्याचा' म्हणून मागा, नाहीतर जोडणी घ्या. बोया बीवाय-एम-वनसारख्या स्वस्त माइकवर मोबाइल-कॅमेरा असं बटण असतं. रेकॉर्डरला लावताना ते कॅमेऱ्याकडे हवं, आत एलआर-44 चा बटण-सेल हवा, आणि काम झालं की बटण परत फिरवायला हवं, नाहीतर सेल डबीतच संपतो. माइक लावायचा तो लुगड्याच्या पदरावर नाही. पदर सारखा सावरला जातो आणि प्रत्येक वेळी घासतो. काही सिद्दी बायका लुगडं खांद्यावर गाठ मारून नेसतात, तिथे गाठीच्या खाली, मणीमाळांपासून दूर. मण्यांची खुळखुळ वाक्यापेक्षा मोठी येते.

हेडफोन लावून ऐका, निदान पहिली दोन मिनिटं. पण हेडफोनचा आवाज वाढवला की रेकॉर्डिंग वाढतं हा गैरसमज नको. ते फक्त तुमच्या कानापुरतं. रेकॉर्डिंग सुरू केल्यावर सरकतं बटण होल्डवर टाका, म्हणजे पोरांनी हात लावला तरी थांबणार नाही. पाठीमागे छोटा स्पीकर आहे, आवाज पत्र्याच्या डब्यातल्यासारखा, पण मुलाखत झाल्यावर म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं ऐकवायला पुरतो. ऐकवाच. ऐकताना 'अरे, हे सांगायचं राहिलं' म्हणून जे निघतं ते पुष्कळदा तासाभराच्या मुलाखतीपेक्षा मोलाचं असतं, आणि नेमकं तेव्हा रेकॉर्डर ऐकवण्यात गुंतलेला असतो. तेव्हा मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

घरी आल्यावरची गैरसोयही सांगायला हवी. 32-बिट फ्लोटची फाइल सगळ्या मोबाइलवर वाजत नाही, आणि यंत्र एमपी-3 देत नाही. ऑडॅसिटी हे फुकटचं सॉफ्टवेअर ती उघडतं. मूळ फाइलला हात न लावता तिची नक्कल घ्या. नकलेवर आवाजाची पातळी नीट करा, 48 किलोहर्ट्झ 24-बिट वेव्ह म्हणून काढा. आवाजाच्या अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना किमान एवढंच मागते. मग घरच्यांसाठी 64 केबीपीएस मोनो एमपी-3: तासाला सुमारे 29 एमबी, व्हॉट्सॲपवरून जातो. नॉइज रिडक्शन लावायचंच असेल तर फक्त या एमपी-3 ला. मूळ प्रतीवरून पंखा काढायला गेलात की शब्दांच्या शेवटचे ह आणि स गळतात, आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या गावात. दुसरं गाव म्हणजे शक्यतो तीच वस्ती: शाळा, वस्तीच्या संघटनेचं कार्यालय, जिथे कपाट आहे ते.

उतरवणं. एका तासाला सहा ते आठ तास धरा, सरावलेल्यालाही. व्हिस्परसारख्या आपोआप लिहिणाऱ्या प्रणालीला मराठी आणि कन्नड येतं, तिच्या भाषांच्या यादीत कोकणी नाही. त्यामुळे कोकणी बोलणं ती मराठी समजून लिहिते, आणि बोलणारा गप्प बसला असताना कधीकधी स्वतःच्या मनाची वाक्यं घुसवते. पहिला कच्चा खर्डा म्हणूनसुद्धा या बोलीला ती धोक्याची. पण यंत्राला नावं कशाला ठेवायची, कोल्हापूरचा माणूसही तेच करतो. कोकणी निम्मी कळते म्हणून पूर्ण कळली असं वाटतं. 'नाका' म्हणजे कोकणीत नको. फॉरेस्टच्या गोष्टी चाललेल्या असताना मराठी कान ते 'नाका' असं ऐकतो आणि वाक्यात नसलेली एक चौकी उभी राहते. वाक्याचा अर्थ उलटा होतो. उतरवणारा बोली जाणणारा हवा, वस्तीतलाच शिकलेला मुलगा किंवा मुलगी, आणि त्याला त्याचे पैसे द्यायचे. रेकॉर्डरच्या किमतीपेक्षा हा खर्च जास्त होतो. अंदाजपत्रकात आधी तो धरा.

बोली सुधारून लिहिण्याचं पाप तर मुळीच नको, आणि त्याच्या उलट, ती मुद्दाम वाकडी करून लिहिण्याचंही नको. अमेरिकेत 1936 ते 1938 मध्ये सरकारी योजनेतून सतरा राज्यांत गुलामगिरी भोगलेल्या माणसांच्या 2,300 हून जास्त कहाण्या गोळा झाल्या. प्रचंड काम. पण विचारणारे बहुतेक गोरे, आणि बहुतेक कहाण्या ध्वनिमुद्रित नव्हे, हातानं लिहून मग टाइप केलेल्या. सांगणाऱ्यानं गोऱ्या माणसापुढे काय गिळलं, आणि लिहिणाऱ्यानं त्याच्या बोलीचं स्पेलिंग वाकडं करून काय केलं, हे आता कागदावरून कळायला मार्ग नाही. त्याच दशकाच्या सुरुवातीला लॉरेन्झो डाऊ टर्नर हे कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञ जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या खेड्यांत रेकॉर्डिंगचं जड यंत्र घेऊन फिरले. हॅरिस नेकच्या अमेलिया डॉली यांनी त्यांना आईकडून आलेलं एक छोटं गाणं म्हणून दाखवलं. त्याचा अर्थ त्यांना स्वतःलाही माहीत नव्हता. भाषा निघाली सिएरा लिओनमधली मेंदे. 1942 साली विमानतळासाठी ते गावच उठवलं गेलं. पण आवाज राहिला होता. पुढे संशोधकांना सिएरा लिओनमधल्या एका खेड्यात तेच गाणं म्हणणारी बाई सापडली, मयताच्या विधीतलं गाणं, आणि 1997 मध्ये अमेलियांच्या कन्या मेरी मोरान तिथे जाऊन तिला भेटल्या. शब्द नुसते इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले असते तर सूर गेला असता, आणि उच्चारही अर्धे.

म्हणून सिद्दी घरात कुणी एखादं गाणं म्हणून 'याचा अर्थ आम्हाला माहीत नाही' म्हणालं तर ते गाळू नका. पूर्ण, दोनदा, सावकाश, माइक जवळ घेऊन. हिरियारूंच्या, म्हणजे पूर्वजांच्या, पूजेतलं काही असेल तर मात्र आधी विचारा. पूर्वजांचं बोलणं बाहेर न्यायचं नाही असं घरानं म्हटलं की विषय संपला.

परवानगीच्या कागदाबद्दल थोडकंच. दोनदा घ्या: सुरुवातीला रेकॉर्ड करायची, आणि ऐकवून झाल्यावर वापरायची. दुसऱ्या वेळी तीन प्रश्न वेगवेगळे विचारा: घरच्यांसाठी, अभ्यासकांसाठी, सगळ्यांसाठी. एकाच कागदावर एकच सही घेतली की सगळेच 'हो' म्हणतात. कागद कन्नडमध्ये हवा, मराठीत नको. वाचता येतं ते कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाला.

दुसरं काही घ्यावं का? टास्कॅमचा डीआर-05-एक्स दोन एए सेलवर जास्त वेळ चालतो, एमपी-3 ही देतो, आणि त्याचे माइक सगळीकडून घेणारे असल्यानं चार माणसं गोल बसून बोलतात तिथे तो बरा. पण पातळी हातानं लावायची आणि 24-बिटच. सवय असलेल्याला काही अडचण नाही. त्याचाच मोठा भाऊ डीआर-40-एक्स दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या जाड जोडणीचे) माइक घेतो आणि त्यांना लागणारे 48 व्होल्ट देतो. दोघांना दोन चांगले माइक लावायचे असतील आणि संस्थेचे पैसे असतील तर तो. कुणाकडे जुना एच-वन-एन असेल तर नवा घ्यायची गरज नाही, केसाळ टोपी आणि कॉलर-माइक घ्या. आणि नुसता मोबाइल? विमान मोडवर, कॉलर-माइक लावून, वेव्हमध्ये रेकॉर्ड करणारं ॲप असेल तर तो दोन मीटरवर ठेवलेल्या कुठल्याही रेकॉर्डरला हरवतो. फक्त साठवण भरल्याचं तो मुलाखतीच्या मध्येच सांगतो.

एसेन्शियलमध्ये मेनू बोलून दाखवायची सोय आहे, दिसत नसलेल्यांसाठी चांगली गोष्ट. मराठी किंवा हिंदी मात्र नाही. पडदा लहान, एकरंगी. उन्हात वाचता येतो, चाळिशीनंतर चष्मा लागतो. लाल दिवा पेटला की नाही हे बघा आणि सेकंद पुढे सरकतायत की नाही हेही बघा.

किंमत मध्यम मोबाइलच्या खाली. कार्ड, केसाळ टोपी, तिपाया, कॉलर-माइक आणि चार्जिंगचे आठ सेल धरून हिशेब करा. यातलं काही कापायची वेळ आली तर तिपाया कापा, टॉवेल आणि डबा आहे. कॉलर-माइक कापू नका.